दुर्लक्षित वेबसाइटमधून मालवेअर कसा पसरतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-ठाण्यातली मंडळं, सोसायट्या, क्लासेस, दवाखाने आणि छोटी दुकानं यांच्या साइट सांभाळणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. यातल्या बहुतेक साइट वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या तयार प्रणालीवर आहेत, म्हणून उत्तरंही त्याला धरून आहेत. तुमची साइट वेगळ्या पद्धतीने बनवलेली असेल तर प्रश्न ९ पाहा. साइटला आत्ताच लागण झालेली असेल तर बाकी सगळं सोडा आणि थेट प्रश्न १२ वर जा.

१. आमच्या गणेशोत्सव मंडळाची साइट आहे. वर्षातून एकदा फोटो टाकतो. तिच्यात हॅकरला काय मिळणार?

तुमच्या फोटोंशी त्याला काही देणंघेणं नाही. त्याला फुकटचा सर्व्हर हवा असतो, गुगलवर वर्षानुवर्षं जमलेली तुमची पत हवी असते, स्पॅम मेल पाठवायला बदनाम नसलेला पत्ता हवा असतो आणि तुमच्यावर विश्वास ठेवून लिंक उघडणारी माणसं हवी असतात. हे सगळं मंडळाच्या साइटकडेही असतं.

शिवाय तुमची साइट कुणी निवडून काढलेली नसते. स्कॅन करणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस एकेका पत्त्याचं दार ठोठावत जातात आणि प्रत्येक दारावर एकच गोष्ट बघतात: अमुक प्लगिनची (साइटला जोडलेल्या जादा प्रोग्रॅमची) जुनी आवृत्ती इथे आहे का? असली तर पुढच्या क्षणी फाइल आत टाकली जाते.

वर्षातून एकदा उघडली जाणारी साइट त्यांना जास्तच सोयीची. अनंत चतुर्दशीनंतर पुढच्या श्रावणापर्यंत तिकडे कुणी फिरकत नाही. आणि मग उत्सवाच्या दहा दिवसांत, आरतीची वेळ आणि विसर्जनाचा मार्ग बघायला जेव्हा खरी गर्दी येते, तेव्हा ती लागण झालेल्या साइटवर येते.

२. आम्ही रोज साइट उघडतो, ती नीट दिसते. मग लोक म्हणतात की जुगाराच्या साइटवर जाते. हे कसं?

दोन्ही खरं असतं. साइटवर बसवलेला कोड आधी समोर कोण आहे ते बघतो. तुम्ही लॉगिन केलेलं असेल किंवा पत्ता थेट टाइप केला असेल, तर तो गप्प बसतो. गुगलवरून मोबाइलवर आलेला माणूस दिसला की त्याला दुसरीकडे ढकलतो. तेही बऱ्याचदा एका माणसाला एकदाच, म्हणजे तो तुम्हाला दाखवायला गेला की साइट पुन्हा शहाण्यासारखी वागते.

दुसरा प्रकार गुगलच्या रोबोटपुरता. माणसाला तुमचं पान दिसतं आणि रोबोटला हजारो जपानी भाषेतली खरेदीची पानं किंवा औषधांच्या जाहिराती.

तपासायचं असेल तर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, ब्राउझरच्या खाजगी खिडकीत, गुगलवर साइटचं नाव शोधा आणि निकालावर बोट ठेवून आत जा. मग गुगलच्या चौकटीत इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, लगेच कोलनचं चिन्ह (:) आणि लगेच तुमचा पत्ता, मध्ये जागा न सोडता, असं टाका. गुगलला तुमची जी पानं माहीत आहेत ती समोर येतील. वीस पानांच्या साइटची हजारो पानं दिसली, तर आणखी पुरावा शोधत बसू नका.

३. साइट उघडणाऱ्याच्या मोबाइलला किंवा संगणकाला नुसत्या भेटीने काय होऊ शकतं?

दहा-पंधरा वर्षांपूर्वी नुसतं पान उघडल्यावर जुन्या फ्लॅश किंवा जावामधून मालवेअर आपोआप उतरायचा. फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद झालं, ब्राउझर स्वतःहून अपडेट होऊ लागले आणि तो रस्ता बराच अरुंद झाला. आता हल्लेखोर माणसाकडूनच काम करवून घेतात.

संगणकावर ‘तुमचं क्रोम जुनं झालंय, अपडेट करा’ असं खऱ्यासारखं पान येतं. किंवा ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ म्हणत विंडोज आणि आर ही बटणं दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर असं सांगितलं जातं. पानाने गुपचूप कॉपी करून ठेवलेली आज्ञा तुमच्याच हाताने चालते आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड बाहेर जातात. कुठलीही खरी साइट ही बटणं दाबायला सांगत नाही. अँड्रॉइडवर एपीके फाइल उतरवायला लावतात, लग्नपत्रिका किंवा ई-चलान असं काहीतरी नाव देऊन. ती बसवली आणि एसएमएस वाचायची परवानगी दिली की बँकेचा ओटीपी परस्पर जातो.

म्हणूनच लागण झालेली साइट ‘बघू, दिवाळीनंतर’ म्हणून तशीच ठेवणं चूक आहे. नुकसान ज्या आजोबांचं होतं ते तुमच्या नावावर विश्वास ठेवून आलेले असतात.

४. आत शिरतात तरी कुठून?

पहिला आणि सर्वांत रुळलेला रस्ता म्हणजे जुनं प्लगिन किंवा थीम (साइटचं रूप ठरवणारा फाइलसंच). वर्डप्रेसचा गाभा २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासून किरकोळ सुरक्षा-अपडेट स्वतःच घेतो, पण प्लगिनसाठी तशी सोय ५.५ आवृत्तीत, ऑगस्ट २०२० मध्ये आली आणि ती तुम्हाला स्वतः चालू करावी लागते. फॉर्म, स्लायडर, फोटो गॅलरी आणि पेज-बिल्डर यांच्याकडे आधी बघा, कारण ही मंडळी बाहेरून आलेली माहिती किंवा फाइल स्वीकारतात.

दुसरा रस्ता पासवर्डचा. युजरनेम ‘अॅडमिन’ आणि पासवर्ड मंडळाचं नाव अधिक स्थापनेचं साल, ही जोडी कुठल्याही प्रोग्रॅमच्या पहिल्या काही अंदाजांत येते. साल तर मुखपृष्ठावरच छापलेलं असतं.

तिसऱ्या रस्त्याकडे कुणाचं लक्ष नसतं: तुमचाच संगणक. २००९ मधल्या गम्ब्लार या मालवेअरने हे चक्र जगाला दाखवलं. लागण झालेली साइट बघायला आलेल्याच्या संगणकात तो शिरायचा, तिथे एफटीपीचे (सर्व्हरवर फाइल चढवायच्या सोयीचे) पासवर्ड सापडले की ते चोरायचा आणि त्या पासवर्डने पुढच्या साइटमध्ये कोड घालायचा. आजचे पासवर्डचोर मालवेअर हेच काम ब्राउझरमध्ये साठवलेल्या पासवर्डवर करतात. झेरॉक्सच्या दुकानातल्या किंवा ऑफिसात सगळे वापरतात त्या संगणकावरून होस्टिंगमध्ये लॉगिन करणं त्यामुळे धोक्याचं आहे.

चौथा रस्ता शेजारघरातून. एकाच होस्टिंग खात्यात मुख्य साइट, २०१८ च्या महोत्सवाची साइट आणि ‘टेस्ट’ नावाचं फोल्डर असं सगळं नांदत असतं. टेस्ट फोडलं की त्याच खात्यातलं बाकीचं सगळं हाताशी येतं.

शेवटी उघड्यावर राहिलेल्या वस्तू. संपूर्ण साइटची झिप फाइल सार्वजनिक फोल्डरमध्येच ठेवलेली, कॉन्फिग फाइलची ‘बॅक’ किंवा ‘ओल्ड’ शेपटीची प्रत (शेवट पीएचपी, म्हणजे वर्डप्रेसच्या कोडच्या भाषेचा, नसल्याने सर्व्हर ती न चालवता जशीच्या तशी वाचायला देतो, डेटाबेसच्या पासवर्डसकट), डेटाबेस हाताळायचं एखादं साधन काम झाल्यावरही तसंच सोडलेलं. आणि ‘अपलोड होत नव्हतं म्हणून’ दिलेल्या ७७७ परवानग्या, म्हणजे कुणालाही फाइल बदलायची मुभा. फोल्डरला ७५५, फाइलला ६४४ आणि कॉन्फिग फाइलला ६४० किंवा ६०० पुरतात. त्याने अपलोड होत नसेल तर फाइलची मालकी चुकलेली आहे, ती होस्टिंगवाल्याकडून दुरुस्त करून घ्या.

५. अपडेट आला की लगेच करायलाच हवा का? महिनाअखेरीस एकदम केलं तर?

साध्या सुधारणांचा अपडेट थांबू शकतो, सुरक्षेचा थांबू शकत नाही. दुरुस्ती जाहीर झाली की जुना आणि नवा कोड शेजारी ठेवून भोक कुठे होतं ते कुणालाही शोधता येतं. ड्रुपल या वर्डप्रेससारख्याच प्रणालीने १५ ऑक्टोबर २०१४ रोजी एक गंभीर दुरुस्ती दिली आणि दोन आठवड्यांनी स्वतःच सांगितलं, की जाहीर झाल्यापासून सात तासांत ज्यांनी ती बसवली नाही त्यांनी आपली साइट फुटली आहे असंच धरून चालावं. वर्डप्रेसची ४.७.२ आवृत्ती २६ जानेवारी २०१७ ला आली. तिने बुजवलेल्या सर्वांत मोठ्या भोकाची माहिती मुद्दाम १ फेब्रुवारीपर्यंत दाबून ठेवली होती, लोकांना अपडेट करायला वेळ मिळावा म्हणून. तरीही त्यानंतर लाखो पानं विद्रूप झाली.

तेव्हा प्लगिनचे स्वयं-अपडेट चालू ठेवा. ‘अपडेटने साइट मोडली तर?’ ही भीती खोटी नाही, पण तिच्यावर उपाय रोजचा बॅकअप हा आहे. मोडलेली साइट अर्ध्या तासात मागे नेता येते. फुटलेल्या साइटला दोन दिवस जातात आणि पाहुण्यांचं झालेलं नुकसान भरून निघत नाही.

अपवाद एकच: दुकानाची साइट, जिथे पैसे घेतले जातात. तिथे आधी वेगळ्या प्रतीवर अपडेट करून एक खरी ऑर्डर टाकून बघा, पण त्याच दिवशी.

६. न लागणारं प्लगिन निष्क्रिय करून ठेवलंय. एवढं पुरे ना?

पुरत नाही. निष्क्रिय केल्याने वर्डप्रेस ते वापरत नाही, पण फाइल सर्व्हरवरच राहते आणि पत्ता माहीत असलेला तिला थेट हाक मारू शकतो. सात लाखांहून अधिक साइटवर असलेल्या ‘फाइल मॅनेजर’ या प्लगिनमध्ये २०२० साली हेच घडलं. नमुना म्हणून आलेल्या एका फाइलचं नाव बदलून ती चालू शकेल अशी करून ठेवली होती आणि तिच्यात लॉगिनची तपासणीच नव्हती. बाहेरचा कुणीही तिच्याकरवी सर्व्हरवर हवी ती फाइल चढवू शकत होता. १ सप्टेंबरला ६.९ आवृत्ती आली, तोपर्यंत हल्ले सुरूही झाले होते.

नको असेल ते काढून टाका. थीमचंही तसंच: चालू असलेली एक आणि अडीअडचणीला वर्डप्रेसची एक मूळ थीम ठेवा, बाकी सगळ्या हटवा.

७. सहा हजारांची थीम टेलिग्रामवर फुकट मिळाली. अँटीव्हायरसने काही सांगितलं नाही. वापरू का?

नको. डब्ल्यूपी-व्हीसीडी हा मालवेअर याच रस्त्याने वर्षानुवर्षं पसरला. फुकट थीमच्या फाइलमध्ये तो आधीच बसलेला असतो, थीम चालू केली की बाकीच्या सगळ्या थीममध्ये स्वतःची प्रत टाकतो आणि एकाच खात्यातल्या शेजारच्या साइटही धरतो. संगणकावरचा अँटीव्हायरस पीएचपीतली अशी भर बऱ्याचदा पकडत नाही. शिवाय अशा थीमला अधिकृत अपडेट मिळत नाही, म्हणजे मालवेअर नसला तरी प्रश्न ४ मधला पहिला रस्ता कायम उघडा. वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात हजारो मोफत थीम आहेत, त्या घ्या.

८. आमच्याकडे एसएसएल आहे, कुलूप दिसतं. मग सुरक्षितच ना?

एसएसएलमुळे पाहुणा आणि सर्व्हर यांच्यातली वाट झाकली जाते, एवढंच. सर्व्हरवरच मालवेअर असेल तर तोही त्याच झाकलेल्या वाटेने सुखरूप पोचतो. कुलपाचा हा चुकीचा अर्थ लोक घेतात म्हणून क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ते चिन्हच बदललं.

९. आमची साइट वर्डप्रेसवर नाही. तरीही धोका?

साइट निव्वळ एचटीएमएलची असेल, फॉर्म नसेल, तर धोका खूपच कमी. उरतो होस्टिंगचा पासवर्ड आणि बाहेरून ओढलेल्या स्क्रिप्ट. पॉलिफिल ही जुन्या ब्राउझरसाठीची स्क्रिप्ट एका लाखाहून अधिक साइट दुसऱ्याच्या पत्त्यावरून घेत होत्या. त्या पत्त्याची मालकी बदलली आणि जून २०२४ मध्ये त्यातून पाहुण्यांना भलतीकडे पाठवणारा कोड येतो आहे हे उघड झालं. साइटवाल्यांनी स्वतःच्या एका फाइललाही हात लावलेला नव्हता. काउंटर, हवामान, जुने चॅटचे डबे, जे लागत नाही ते पानातून काढा. लागतं ते स्वतःच्या सर्व्हरवर उतरवून घ्या.

ओळखीच्या मुलाने पीएचपीत हाताने लिहिलेली साइट मात्र वर्डप्रेसहून अवघड बाब आहे. तिला अपडेट पाठवणारं कुणीच नसतं. निदान चार गोष्टी बघून घ्या: डेटाबेसला विचारलेला प्रत्येक प्रश्न पूर्वतयार स्टेटमेंटने (प्रीपेअर्ड स्टेटमेंट) जातो का, फोटो अपलोड करताना फाइलचा शेवट आणि आतला प्रकार दोन्ही तपासले जातात का, अॅडमिनच्या प्रत्येक पानावर लॉगिनची तपासणी आहे का की फक्त पहिल्या पानावर, आणि पीएचपी कुठली आहे. पीएचपी ७.४ ची सुरक्षा-दुरुस्ती नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबली, ८.० ची नोव्हेंबर २०२३ मध्ये, ८.१ ची डिसेंबर २०२५ मध्ये.

ऑफिसातल्या विंडोज संगणकावर एक्सॅम्प (संगणकालाच सर्व्हर बनवणारं सॉफ्टवेअर) बसवून तीच साइट बाहेरच्या जगाला उघडी केली असेल तर आजच बंद करा. एक्सॅम्प हे शिकण्यासाठी आणि चाचणीसाठी आहे. विंडोजवरच्या पीएचपीतलं एक भोक जून २०२४ मध्ये जाहीर झालं, एक्सॅम्पची मूळ मांडणीच त्याला बळी पडणारी होती आणि काही दिवसांतच त्यातून खंडणीखोर मालवेअर घुसवला जाऊ लागला.

१०. साइट बनवणारा आता फोन उचलत नाही. आमच्याकडे एकही पासवर्ड नाही. सुरुवात कुठून?

डोमेनपासून, म्हणजे साइटच्या नोंदवलेल्या पत्त्यापासून. डोमेन ज्याच्या हातात, साइट त्याच्या हातात. बाकी सगळं नव्याने उभं करता येतं, डोमेन नाही.

डोमेनची सार्वजनिक नोंद बघून ते कुठल्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) आहे ते शोधा. मालकाचं नाव झाकलेलं असलं तरी रजिस्ट्रारचं नाव दिसतं. जुन्या मेलमध्ये, खजिनदारांच्या पावत्यांमध्ये नूतनीकरणाची पावती शोधा. मग मंडळाच्या किंवा सोसायटीच्या लेटरहेडवर, नोंदणी प्रमाणपत्र आणि ठरावाची प्रत जोडून रजिस्ट्रारला लिहा. नोंदणी बनवणाऱ्याच्या वैयक्तिक नावावर असेल तर मात्र रजिस्ट्रार परस्पर काही करणार नाही. मग त्या माणसालाच गाठावं लागतं आणि हस्तांतर लेखी घ्यावं लागतं. भांडून जाऊ नका. बऱ्याचदा त्याने नोकरी बदललेली असते आणि तुमची साइट तो विसरून गेलेला असतो.

हाती आल्यावर डोमेन, होस्टिंग आणि सर्च कन्सोल (गुगलचं साइटमालकांसाठीचं साधन) ही तिन्ही खाती संस्थेच्या मेलवर आणा, कुणा एका चिटणिसाच्या नाही. दोन पदाधिकाऱ्यांकडे प्रवेश हवा. समिती बदलली की दप्तर सोपवतात त्याच यादीत हे पासवर्डही सोपवा आणि त्याच दिवशी बदला. जुन्या बनवणाऱ्याचं अॅडमिन खातं काढायला विसरू नका. त्याचा हेतू वाईट नसेल, पण त्याचा संगणक कसा आहे ते तुम्हाला ठाऊक नाही.

११. फाइलमध्ये मालवेअर कसा दिसतो? आम्ही प्रोग्रॅमर नाही.

तरी बऱ्याचदा ओळखता येतो. सी-पॅनेलच्या (होस्टिंगच्या नियंत्रण-पानाच्या) फाइल मॅनेजरमध्ये अपलोड्सचं फोल्डर उघडा. तिथे फोटो आणि पीडीएफ असायला हवेत. आगमन सोहळ्याच्या दोनशे जेपीजींमध्ये पीएचपी शेपटीची एक फाइल, नाव फोटोसारखंच, बदलल्याची वेळ पहाटे ३ वाजून १२ मिनिटं: ही तुमची नाही. (काही प्लगिन तिथे रिकामी ‘इंडेक्स’ फाइल ठेवतात. उघडून बघा, आत ‘सायलेन्स इज गोल्डन’ अशी नुसती टिप्पणीची ओळ असेल तर ती निरुपद्रवी.)

मग मुख्य फोल्डरमधली इंडेक्स फाइल उघडा. वर्डप्रेसमध्ये ती जेमतेम वीस ओळींची असते. पहिल्या ओळीत काही दिसत नाही पण खालची आडवी पट्टी खूप लांब सरकते, असं झालं तर ती उजवीकडे शेवटपर्यंत ओढा. शेकडो रिकाम्या जागांच्या मागे कोड दडवलेला सापडतो: अर्थहीन अक्षरांची लांबच लांब माळ आणि तिच्या आधी इव्हॅल, बेस-६४ डिकोड, जीझेड-इन्फ्लेट असे शब्द. हे शब्द काही प्रामाणिक प्लगिनमध्येही असतात, पण गाभ्याच्या इंडेक्स फाइलमध्ये त्यांना काही काम नाही.

एचटीअॅक्सेस फाइलमध्ये (सर्व्हरचे नियम तिच्यात लिहिलेले असतात) गुगल, बिंग अशी नावं घेऊन भलत्या पत्त्यावर पाठवणारे नियम आहेत का बघा. वर्डप्रेसमध्ये अनोळखी अॅडमिन आहे का बघा. आणि ‘म्यू-प्लगिन्स’ फोल्डर विसरू नका. त्यातल्या फाइल आपोआप चालतात, नेहमीच्या प्लगिन यादीत दिसत नाहीत आणि पॅनेलमधून बंदही करता येत नाहीत.

१२. लागण झाली आहे. आता काय, कोणत्या क्रमाने?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी पासवर्ड आणि मग संगणक असं केलंत तर नवे पासवर्डही चोराच्या हातात जातात.

१. साइट बाहेरच्यांसाठी बंद करा. होस्टिंगमधून पूर्ण फोल्डरवर पासवर्ड लावणं हा सोपा मार्ग. नुसतं वर्डप्रेसचं ‘देखभाल चालू’ पान पुरत नाही, कारण मालवेअरच्या फाइलला थेट हाक मारता येते.

२. आहे त्या अवस्थेतल्या फाइल, डेटाबेस आणि लॉग (कुणी कधी काय मागितलं याची सर्व्हरवरची नोंद) यांची प्रत उतरवून बाजूला ठेवा. पुढे तक्रारीसाठी आणि कारण शोधण्यासाठी हीच लागते. लॉग आधी घ्या, स्वस्त होस्टिंगवर ते लवकर पुसले जातात.

३. ज्या ज्या संगणकांवरून साइट सांभाळली जाते ते तपासा. त्यानंतर स्वच्छ संगणकावरून होस्टिंग, एफटीपी, डेटाबेस, वर्डप्रेस आणि या सगळ्याला जोडलेला मेल यांचे पासवर्ड बदला. डेटाबेसचा नवा पासवर्ड कॉन्फिग फाइलमध्येही लिहा. त्याच फाइलमधल्या गुप्त की नव्या टाका, म्हणजे आत लॉगिन करून बसलेले सगळे बाहेर फेकले जातात.

४. गाभा, प्लगिन आणि थीम यांची फोल्डरं हटवून अधिकृत ठिकाणाहून ताजी आणा. वरून चढवू नका. वर चढवल्याने जुन्या फाइल बदलतात, पण मालवेअरने नव्याने ठेवलेली फाइल जागच्या जागी राहते.

५. अपलोड्समधून प्रत्येक पीएचपी फाइल काढा. डेटाबेसमध्ये पोस्ट आणि ऑप्शन्सच्या तक्त्यांत ‘स्क्रिप्ट’ आणि ‘आयफ्रेम’ शोधा. अनोळखी अॅडमिन हटवा. होस्टिंगमधली क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामं आणि मेल पुढे पाठवण्याचे नियमही बघा.

६. लॉगमध्ये मालवेअरच्या फाइलची (प्रश्न ११) वेळ शोधा आणि तिच्या आधीच्या ‘पोस्ट’ प्रकारच्या, म्हणजे सर्व्हरला काही पाठवणाऱ्या, विनंत्या वाचा. कुठल्या प्लगिनचं नाव येतं, तेच दार. ते बंद झाल्याशिवाय साइट उघडू नका.

७. अपलोड्स फोल्डरमध्ये पीएचपी चालूच नये असा एचटीअॅक्सेस नियम टाका. सर्व्हर निव्वळ एनजिनएक्स या सॉफ्टवेअरचा असेल तर हा नियम वाचलाच जात नाही, तिथे होस्टिंगवाल्याला करायला सांगावं लागतं.

१३. दोनदा साफ केलं. तासाभरात पुन्हा येतं. का?

इंडेक्स आणि एचटीअॅक्सेस या दोन फाइल पुसताच क्षणात परत येत असतील, तर एखादी पीएचपी प्रक्रिया सर्व्हरच्या मेमरीत जिवंत आहे आणि ती फाइलवर पहारा देते आहे. फाइल कितीही पुसा, उपयोग नाही. आधी प्रक्रिया मारावी लागते. शेअर्ड होस्टिंगवर पीएचपीची आवृत्ती बदलून पाहा किंवा सपोर्टला ‘आमच्या खात्यातल्या सर्व पीएचपी प्रक्रिया थांबवा’ असं नेमकं लिहा.

काही तासांनी, ठरावीक वेळेला परत येत असेल तर क्रॉन बघा, होस्टिंगमधलाही आणि वर्डप्रेसचा स्वतःचाही. काही दिवसांनी येत असेल तर एकतर मूळ दार उघडं आहे, नाहीतर शेजारची साइट (प्रश्न ४) तुमच्याकडे पुन्हा लागण पाठवते आहे. एका खात्यातल्या सगळ्या साइट एकाच बैठकीत साफ कराव्या लागतात. एक आज, एक रविवारी असं चालत नाही.

१४. जुना बॅकअप टाकला की सगळं संपतं ना?

बॅकअप लागणीच्या आधीचा असेल तरच. मालवेअर कधी कधी महिना-दीड महिना गप्प बसतो आणि सात दिवसांचे बॅकअप ठेवणाऱ्या होस्टिंगवर तोपर्यंत सगळ्याच प्रती लागण झालेल्या असतात. शिवाय जुना बॅकअप म्हणजे जुनं भोकही परत आलं. टाकल्यावर साइट उघडण्याआधी अपडेट करा आणि पासवर्ड बदला. रोजचे ७, आठवड्याचे ४ आणि महिन्याचे ६ असे बॅकअप ठेवा, निदान एक प्रत होस्टिंगच्या बाहेर, आणि वर्षातून दोनदा खरोखर परत टाकून बघा.

१५. साइट साफ झाली, तरी क्रोममध्ये लाल पान येतं. कसं जाईल?

सर्च कन्सोलमध्ये साइट पडताळून घ्या, ‘सुरक्षा समस्या’ विभाग उघडा, तिथे दिलेले नमुना पत्ते एकेक तपासा आणि मग पुनरावलोकन मागा. काय सापडलं, काय काढलं आणि कुठलं दार बंद केलं, हे तीन वाक्यांत लिहा. मालवेअर असेल तर साधारण काही दिवस लागतात, फिशिंगला (पासवर्ड उकळणाऱ्या नकली पानांना) दिवसभर, आणि स्पॅम पानांची लागण असेल तर काही आठवडेही जातात. घाईने, अर्धवट साफ करून मागू नका. मुद्दाम वारंवार घाण करणारी म्हणून नोंद झालेल्या साइटला ३० दिवस पुन्हा मागताच येत नाही.

१६. होस्टिंगचे पैसे देतो. ही जबाबदारी त्यांची नाही का?

सर्व्हर, त्याची ऑपरेटिंग सिस्टीम आणि खात्यांमधल्या भिंती त्यांच्या. तुमच्या फोल्डरमधलं सगळं तुमचं. स्वतःहून सगळे अपडेट करणारी ‘मॅनेज्ड’ सेवा वेगळी घ्यावी लागते आणि तिच्यातही प्लगिन येतात का ते विचारून घ्या. लागण दिसली तर ते तुमचं खातं बंद करतात, आणि त्यांनी ते करणं बरोबरच आहे.

१७. तक्रार कुठे करायची? आणि करावीच लागते का?

पैसे गेले असतील, तुमचे किंवा साइटवर आलेल्या कुणाचे, तर पहिला फोन १९३० वर. पहिले काही तास मोलाचे, कारण पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता येतात. त्याबरोबर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करा. मुंबईत विभागवार सायबर पोलीस ठाणी आहेत, पण जवळच्या नेहमीच्या ठाण्यातही तक्रार देता येते. प्रश्न १२ मधली बाजूला ठेवलेली प्रत आणि लॉग सोबत न्या.

वेगळं बंधन सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचं आहे. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार साइट विद्रूप होणं किंवा तिच्यात घातक कोड घातला जाणं अशा घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. हे कंपन्या आणि व्यावसायिक संस्थांना लागू आहे. भागीदारी पेढी आणि एकट्या मालकाचा धंदाही त्यात येतो. सी-पॅनेलमध्ये ‘रॉ अॅक्सेस’मध्ये लॉग साठवण्याची खूण बऱ्याचदा केलेली नसते, ती आज करून ठेवा.

१८. वर्गणीच्या पानावरचा क्यूआर कुणी बदलला तर कळेल कसं?

बघितल्याशिवाय कळत नाही. चित्राची एक फाइल बदलली की काम झालं, पान तसंच दिसतं. म्हणून उत्सवाच्या काळात रोज सकाळी एकाने स्वतःच्या मोबाइलवरून साइटवरचा क्यूआर स्कॅन करून यूपीआयमध्ये येणारं नाव बघावं. पैसे पाठवायची गरज नाही. क्यूआरच्या खालीच ‘स्कॅन केल्यावर हे नाव दिसलं पाहिजे’ असं लिहा आणि तेच नाव पावतीपुस्तकावर आणि मंडपातल्या फलकावरही छापा. साइट फुटली तरी फलक फुटत नाही.

कार्डाचा फॉर्म स्वतःच्या पानावर ठेवू नका, पेमेंट गेटवेच्या पानावर पाठवा. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या साइटवरून लाखो ग्राहकांची कार्डं चोरली गेली, तेव्हा घातलेला कोड जेमतेम २२ ओळींचा होता.

१९. नीट ठेवायचं तर महिन्याला किती काम?

स्वयं-अपडेट आणि बॅकअप चालू असतील तर अर्धा तास. अपडेट अडकलेत का, अॅडमिन यादीत कोण आहे, बॅकअपच्या शेवटच्या फाइलची तारीख आणि आकार, प्रश्न २ मधली मोबाइल-तपासणी, सर्च कन्सोलचा संदेश. दोन वर्षं अपडेट न आलेलं प्लगिन दिसलं तर त्याला पर्याय शोधा. लॉगिनला दुहेरी पडताळणी एकदाच लावायची आहे.

महत्त्वाचं हे, की या कामासमोर एका माणसाचं नाव लिहिलेलं हवं. ‘समिती बघेल’ असं जिथे ठरतं तिथे कुणी बघत नाही. आणि जिथे पैसे देऊन काम करून घेता, तिथे दरमहा काय अपडेट केलं याची यादी मागा.

२०. आम्हाला साइट चालवायचीच नाही. पैसे भरायचं थांबवलं की झालं?

होस्टिंग खाली सांगितलेल्या एका साध्या पानापुरतं ठेवा, डोमेन लगेच सोडू नका. सुटलेलं डोमेन दुसरा कुणीही घेऊ शकतो, आणि जुगाराच्या साइटवाले अशी जुनी, पत असलेली नावं शोधतच असतात. तुमच्या स्मरणिकांवर, जुन्या पत्रिकांवर, शाळेच्या दाखल्यांवर तोच पत्ता छापलेला असतो. त्यातून येणारी माणसं मग त्यांच्याकडे जातात. त्या डोमेनवरचे मेलही नव्या मालकाला मिळू लागतात, म्हणजे बँकेचं किंवा फेसबुक पानाचं खातं त्या मेलला जोडलेलं असेल तर ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून तेही घेता येतं.

म्हणून आधी सगळी खाती दुसऱ्या मेलवर हलवा. साइटची प्रत उतरवून घ्या, फाइल आणि डेटाबेस पुसा आणि नावापुरतं एक साधं एचटीएमएल पान ठेवा: संस्थेचं नाव, फोन, ‘ही साइट बंद आहे’. डीएनएसमधल्या (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं या नोंदवहीतल्या) बंद पडलेल्या सेवांकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी एकेक काढा, कारण ती सेवा दुसऱ्याने घेतली तर तुमच्या नावाखाली त्याचं पान दिसू लागतं. असं डोमेन निदान तीन ते पाच वर्षं भरत राहा. नूतनीकरणाची सूचना ज्या मेलवर येते तो मेल मात्र त्याच डोमेनवरचा नसावा.